‘शेजार कसा आहे?’ या प्रश्नाचे उत्तर

गेल्या महिन्यापासून वडोदऱ्यातल्या आमच्या सोसायटीत एकच वाद चालला आहे. दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू कुटुंब बदलीमुळे घर सोडत होते. घर पाहायला एक तरुण जोडपे आले. त्यांच्याबरोबर आठ महिन्यांचे बाळ होते. घर त्यांना आवडले, भाडेही पटले. निघताना जिन्यात त्या बाळाच्या आईने सहज विचारले की इथे शेजार कसा आहे, आणि घर सोडणाऱ्या बाईंनी सांगितले की वरच्या घरातला मुलगा गरब्याच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो, श्रावण लागला की नवरात्रापर्यंत रात्री साडेनऊ ते साडेअकरा त्याचा सराव चालतो आणि त्याचे ठोके खालच्या झोपायच्या खोलीत स्पष्ट ऐकू येतात. जोडप्याने घर घेतले नाही. घरमालक संतापले, त्या मुलाच्या आईवडिलांनी अबोला धरला, आणि संध्याकाळच्या बाकापासून फोनवरच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे त्या बाईंनी केले ते योग्य की अयोग्य याची चर्चा सुरू झाली.

वादाच्या दोन्ही बाजू मूळ प्रश्नाला बगल देत आहेत, असे माझे मत आहे. एक बाजू म्हणते की त्या बाई जाता जाता चहाडी करून गेल्या; ज्यांच्या शेजारी तीन वर्षे काढली त्यांच्याविषयी परक्यांशी बोलण्याची काय गरज होती? दुसरी बाजू म्हणते की जे खरे ते सांगितले, आणि खरे सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. पहिल्या बाजूने गृहीत धरले आहे की गप्प बसणे म्हणजे काहीच न करणे. दुसऱ्या बाजूने गृहीत धरले आहे की गोष्ट खरी असली की ती कोणाविषयीही आणि कोणत्याही शब्दांत सांगण्याची मुभा मिळते. मला ही दोन्ही गृहीते मान्य नाहीत. घर सोडणाऱ्या भाडेकरूने शेजारच्या आवाजाची कल्पना नव्या भाडेकरूला दिलीच पाहिजे. विचारले तर नक्कीच, आणि तो आवाज घर पाहायला आलेल्याला एरवी कळण्याजोगा नसेल तर न विचारताही. मात्र त्याने आवाजाविषयी सांगावे, माणसांविषयी सांगू नये. हा फरक वाटतो तितका बारीक नाही, आणि सगळा प्रश्न त्याच्यावरच उभा आहे.

ही भूमिका मला एका चुकीतून मिळाली आहे आणि ती चूक माझी आहे. बारा वर्षांपूर्वी आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहत होतो. खालच्या घरातल्या बेन घरघंटीवर लोकांची दळणे करून देत. पहाटे साडेपाचला पहिले दळण पडायचे आणि दुपारी दोन ते चार दुसरी पाळी चालायची. घरघंटीची मोटर असते जेमतेम एक अश्वशक्तीची. तिचा आवाज रस्त्यावर ऐकूही येत नसे. पण ती त्यांच्या स्वयंपाकघरात नुसत्या फरशीवर ठेवलेली होती आणि तिची थरथर भिंतीतून आमच्या ओट्यावर चढायची. मांडणीवरची स्टीलची झाकणे एकमेकांना लागून बारीक किणकिणत राहायची. ती वाजू नयेत म्हणून मी रात्री झोपण्याआधी त्यांच्यामध्ये फडकी घालून ठेवत असे. घर सोडायच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी नंदुरबारकडची एक तरुण परिचारिका घर पाहायला आली. तिला महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी असायची, म्हणजे दुपारची झोप हीच तिची झोप. घरमालक समोर खुर्चीवर बसलेले होते. तिने विचारले, “काकू, शेजार कसा आहे?” मी म्हणाले, “चांगला आहे गं. माणसं फार चांगली आहेत.” यातला शब्द न् शब्द खरा होता. माझे सासरे जिन्यात पडले तेव्हा त्याच बेनच्या मुलाने त्यांना उचलून रिक्षात घातले होते. तरीही मी त्या मुलीला फसवले. ती कानांविषयी विचारत होती आणि मी मनांविषयी उत्तर दिले. साडेचार-पाच महिन्यांनी ती मला भाजीबाजारात भेटली, तेव्हा तिने ते घर सोडलेले होते आणि मुदतीआधी सोडल्यामुळे डिपॉझिटातला एक महिना गमावलेला होता. “तुम्हाला पण व्हायचा का हो त्रास?” एवढेच तिने विचारले.

आमच्या ग्रुपवर एका ज्येष्ठ गृहस्थांनी या वादात सुभाषित टाकले: ‘सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयान्न ब्रूयात् सत्यमप्रियम्।’ खरे बोलावे, प्रिय बोलावे, अप्रिय सत्य बोलू नये. अनेकांनी त्यावर हात जोडले. पण या श्लोकाची दुसरी ओळ आपण इतक्या सोयीने का विसरतो? ‘प्रियं च नानृतं ब्रूयादेष धर्मः सनातनः।’ प्रिय असले तरी खोटे बोलू नये, हाच सनातन धर्म. ‘शेजार चांगला आहे’ हे उत्तर रात्रपाळी करणाऱ्या मुलीला देणे हे दुसऱ्या ओळीने निषिद्ध ठरवलेले प्रिय असत्यच आहे. पहिल्या ओळीत अप्रिय सत्य टाळण्याची जी सवलत आहे, ती माझ्या समजुतीप्रमाणे जिथे सत्य सांगून ऐकणाऱ्याला केवळ दुःखच होणार आहे अशा ठिकाणची आहे. इथे ऐकणाऱ्याला दुःख होत नाही. त्याला निर्णय घेता येतो. अप्रियता असलीच तर ती सांगणाऱ्याच्या वाट्याला येते, आणि आपली गैरसोय टाळण्यासाठी धर्मवचनाचा आधार घेणे मला पटत नाही.

मौन केव्हा निर्दोष असते आणि केव्हा नसते, याचा विचार आपल्या कायद्यानेही केलेला आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात म्हटले आहे की केवळ गप्प राहणे म्हणजे कपट नव्हे. पण परिस्थितीच अशी असेल की बोलणे हे कर्तव्य ठरते किंवा मौन हेच बोलण्यासारखे असते, तर गोष्ट वेगळी. तिथे घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोडा सदोष आहे हे माहीत असून विक्रेता लिलावात गप्प राहिला, तर ते कपट नाही. पण विकत घेणारा म्हणाला की ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निर्दोष आहे असे धरून चालेन’ आणि विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याच्या बरोबरीचे आहे. घर सोडणारा भाडेकरू काही विकत नाही, त्यामुळे हे कलम त्याला जसेच्या तसे लागू होत नाही, हे मला मान्य आहे. पण तत्त्व पाहा. ‘शेजार कसा आहे?’ असे विचारणारी व्यक्ती दुसरे काय म्हणत असते? ‘तुम्ही काही बोलला नाहीत तर मी इथे शांतता आहे असे धरून चालेन’, हेच ती म्हणत असते. अशा प्रश्नानंतरचे मौन रिकामे राहत नाही; त्यात ‘होय’ भरले जाते.

यावर कोणी म्हणेल की ज्याला घर घ्यायचे त्याने स्वतः चौकशी करावी. आपल्याकडे म्हण आहे: पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण मागचा शहाणा केव्हा होतो? पुढच्याला ठेच लागताना त्याला दिसली तर. भाड्याच्या घरात पुढचा माणूस मागचा येण्याआधीच निघून गेलेला असतो आणि दगड जागच्या जागी राहतो. दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ या भागांतल्या जुन्या वाड्यांत हा प्रश्न फारसा नव्हता. चौक एक, नळ एक, जिना एक. नवा बिऱ्हाडकरू यायचा तो बहुधा आधीच्या कोणाच्या ओळखीने, आणि ओसरीवर तासभर बसला तरी कोणाच्या घरी किती वाजता काय चालते ते त्याला कळायचे. शिवाय बिऱ्हाडे बदलतच नव्हती. 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा पुढे गुजरातेतही चालू राहिला आणि त्याच्या संरक्षणाखाली आलेली कुटुंबे दोन दोन पिढ्या एकाच घरात राहिली. पुढचा भाडेकरू हा माणूसच जिथे नव्हता, तिथे त्याला काय सांगावे हा प्रश्न कुठून येणार? आज करार अकरा महिन्यांचा असतो, कारण वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. दर अकरा महिन्यांनी नवे बिऱ्हाड येऊ शकते, आणि ते येते ते दलालाबरोबर, सुटीच्या दिवशी, वीस मिनिटांसाठी. त्या वीस मिनिटांत नळाला पाणी किती येते ते कळते, भिंतीची ओल दिसते, खिडकी कुठे उघडते ते समजते. पहाटेची घरघंटी दिसत नाही. जूनमध्ये घर पाहणाऱ्याला मागचा पार्टी प्लॉट म्हणजे हिरवे मोकळे मैदान वाटते आणि तो खिडकीतून दिसणाऱ्या झाडांवर खूश होतो. कार्तिकातली एकादशी उलटून लग्नसराई सुरू झाली की त्याच खिडकीच्या काचा रात्री डीजेच्या ठोक्यांनी हलू लागतात.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने घरमालकावर एक कर्तव्य घातले आहे. घराच्या वापराच्या दृष्टीने महत्त्वाचा असा जो दोष मालकाला माहीत आहे, भाडेकरूला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही कळण्याजोगा नाही, तो त्याने उघड केला पाहिजे. यातली कसोटी मला फार उपयोगाची वाटते. नवरात्रात वडोदऱ्यात गरबा असतो हे कोणाला सांगावे लागत नाही. देवळाशेजारच्या घरात घंटा ऐकू येणार हे कोणालाही कळते. सांगायचे ते साधारण काळजीने न कळणारे. पण हे कर्तव्य मालकाचे असताना भाडेकरूने मध्ये का पडावे? कारण कायदा मिळकतीतल्या दोषाविषयी बोलतो, आणि शेजारचा आवाज हा मिळकतीतला दोष आहे का, यावर वकील दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतील. त्याहून मोठे कारण असे की मालक त्या घरात झोपत नाही. आमच्या मालकांना घरघंटीचा आवाज खरोखरच ठाऊक नव्हता, कारण ते भाडे घ्यायला संध्याकाळी येत. त्या घरात राहून गेलेला आणि पुढच्या व्यवहारात पैशाचा गुंतलेला नसलेला माणूस एकच असतो, तो म्हणजे घर सोडणारा भाडेकरू. मालकाला भाडे हवे असते, दलालाला दलाली. अशा वेळी निःस्वार्थ जाणकारानेच तोंड मिटून घेतले तर नवख्या माणसाने विचारायचे तरी कोणाला?

आता विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा. शेजारी तिथे हजर नसतो. त्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी बोलले जाते आणि त्याला आपली बाजू मांडता येत नाही. आपल्या समाजात ‘शेजार कसा आहे’ या प्रश्नाखाली अनेकदा दुसराच प्रश्न दडलेला असतो, हे तर आणखी गंभीर. कोणत्या जातीचे आहेत? कोणत्या धर्माचे? घरात काय शिजते? आवाजाचे निमित्त करून हे सगळे सांगता येते आणि सांगितले जाते. याला इतिहासही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर विकण्याची रीत दिलेली आहे: घराच्या दारासमोर, शेजारच्या चाळीस कुटुंबांतल्या लोकांच्या समक्ष घोषणा करावी, आणि खरेदीचा पहिला मान नातलगांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकारांचा. शेजार हा घराच्या व्यवहारातला एक पक्षच मानला गेला होता. गुजरातच्या जुन्या पोळांमध्येही, म्हणजे एका दरवाजाआतल्या गल्लीवजा वस्त्यांमध्येही, घर बाहेरच्याला देण्याआधी पोळवाल्यांना विचारण्याची रीत होती. या रीतींमागे काही शहाणपण होते, कारण शेजार बदलला की घर बदलते, हे त्यांना कळलेले होते. पण त्यांचा उपयोग परक्याला आत न येऊ देण्यासाठी झाला. केवळ शेजारी आहोत एवढ्याच आधारावर आधी खरेदी करण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये घटनाबाह्य ठरवला, आणि तो योग्यच ठरवला. तरीही वडोदऱ्याच्या काही भागांत आज 1991 च्या अशांत क्षेत्र कायद्यान्वये, म्हणजे दंगलींचा इतिहास असलेल्या भागांसाठीच्या कायद्यान्वये, मालमत्ता विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. या शहरात ‘शेजारी’ हा शब्द किती भाराचा आहे, हे त्यावरून समजावे. मग अशा शहरात शेजाऱ्यांविषयी सावध करण्याची प्रथा पाडणे धोक्याचे नाही का?

धोका आहे, आणि म्हणूनच मी सुरुवातीलाच आवाज आणि माणूस यांत फरक केला. आवाजाला वेळ असते, जागा असते, कारण असते. ‘वर रात्री साडेनऊ ते साडेअकरा ऑक्टोपॅडचा सराव असतो, नवरात्रापर्यंत, मधल्या खोलीत ऐकू येतो’ या वाक्यात आडनाव नाही, जात नाही, स्वभाव नाही. ते खरे आहे की नाही हे कोणालाही एका रात्रीत पडताळून पाहता येते. ‘वरचे लोक तसलेच आहेत’ या वाक्यात पडताळण्याजोगे काहीच नाही, आणि नेमके म्हणूनच ते विषारी आहे. पूर्वग्रहाला मोघमपणा लागतो. तपशिलात तो फार काळ तग धरत नाही. मुख्य म्हणजे मौनाने पूर्वग्रह कमी होत नाही. नेमकी माहिती मिळाली नाही की माणसे आडनावांवरून अंदाज बांधतात, ‘अशा वस्तीत गोंगाट असतोच’ असे ठरवून मोकळी होतात, आणि ज्या बिचाऱ्या कुटुंबात कोणी मोठ्याने बोलतही नाही त्यांच्या शेजारचे घर रिकामे राहते. नेमके बोलण्याची सवय लागली तर या अंदाजांना खोटे पाडणारी वाक्येही बोलली जातील: ‘शेजारी सहाजण आहेत, पण दहानंतर टाचणी पडली तरी ऐकू येईल.’ सावध करणारा माणूस शांततेचीही साक्ष देऊ शकतो, हे या वादात कोणीच बोललेले नाही.

याच्या जवळचाच आणखी एक आक्षेप आहे, तो मला अधिक भिडतो. या शहरात सयाजीराव महाराजांच्या काळी, 1886 साली, मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. आजही सूरसागराजवळ तिचा वारसा चालवणाऱ्या विद्याशाखेत गावोगावची मुले गाणे-वाजवणे शिकायला येतात. त्यांना खोली मिळताना आधीच मारामार असते. प्रत्येक निघणारा भाडेकरू ‘शेजारी तबल्याचा रियाझ चालतो’ असे सांगू लागला, तर मालक आणि सोसायट्या अशा मुलांना थाराच देणार नाहीत. एकाचा गोंगाट ही दुसऱ्याची साधना असते, हे मी मनापासून मानते. आमच्या वरचा तो मुलगाही घराला हातभार लावतो आहे. पण माझा अनुभव सांगतो की माहितीमुळे घर रिकामे राहत नाही, ते योग्य माणसाकडे जाते. कोयलीच्या रिफायनरीत किंवा मकरपुऱ्याच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जाणाऱ्याला पहाटेच्या घरघंटीचे काय? तो तेव्हा उठलेलाच असतो. रात्री बारापर्यंत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला साडेअकरापर्यंतचा ऑक्टोपॅड चालेल. कदाचित तो स्वतःच गाणारा असेल. आठ महिन्यांच्या बाळाला तो चालणार नाही. रियाझ करणाऱ्या मुलाविरुद्ध तक्रार कोण करतो? ज्याला आधी कळले नव्हते तो. जो समजून उमजून आला, त्याने तो आवाज पत्करलेला असतो आणि पत्करलेला आवाज निम्म्याने कमी ऐकू येतो.

घरमालकाच्या नुकसानीचा मुद्दा मात्र मला फार वेळ थांबण्याजोगा वाटत नाही. आमच्या सोसायटीतल्या मालकांचे एका महिन्याचे भाडे बुडाले, हे खरे. पण हिशेब पूर्ण करू या. न सांगता ते जोडपे राहायला आले असते तर त्यांनी डिपॉझिट, दलाली, सामानाचा टेम्पो, गॅसजोडणी आणि पत्ता बदलण्याचे सगळे सोपस्कार केले असते आणि श्रावणात ते घर सोडून गेले असते. मालकाचा महिना तेव्हाही रिकामा गेलाच असता. शिवाय या व्यवहारात माहिती कोणत्या दिशेने वाहते ते पाहा. भाडेकरूला आडनाव विचारतात, नोकरी विचारतात, मांसाहार करता का विचारतात, पाहुणे किती येतात विचारतात. त्याची कागदपत्रे पोलीस ठाण्यात द्यायची असतात. त्याने मात्र आपण कोणत्या आवाजाखाली झोपणार, हे विचारले की ती आगाऊ चौकशी ठरते. एक भाडेकरू दुसऱ्याला दोन वाक्ये सांगतो तेव्हा या एकतर्फी व्यवहाराचे पारडे किंचित सावरते, इतकेच.

आवाजासाठी कायदा आहे, त्रास झाला तर तक्रार करता येते, असेही सांगितले जाते. कायदा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांततेत जगणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. परंतु याच नियमांत तक्रारीचा उंबरठा मर्यादेहून 10 डेसिबल वरचा धरलेला आहे, आणि डेसिबलचे माप असे आहे की 10 ने वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. हे सगळे माप हवेतून येणाऱ्या आवाजाचे. स्लॅबमधून आणि खांबांतून चढणारी थरथर, डोक्यावर सरकणारी खुर्ची, रोज पहाटे वाजणारी झाकणे यांचे काय? आणि नियम मोडला गेला असला तरी रात्री पावणेबाराला पोलिसांना फोन करून त्याच शेजाऱ्याबरोबर सकाळी लिफ्टमधून उतरणे किती जणांना जमते? कायदा झालेल्या त्रासावर उपाय सांगतो. घर घ्यावे की न घ्यावे हे ठरवायची वेळ तोवर निघून गेलेली असते.

एक अडचण मला खरोखर मोठी वाटते आणि तिच्यासमोर मी कोणाला दोष देणार नाही. घर सोडणाऱ्याचे डिपॉझिट मालकाच्या हातात असते. मी त्या रविवारी खरे बोलले नाही याचे अर्धे कारण समोरच्या खुर्चीवर बसलेले होते. दोन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम आम्हाला परत मिळायची होती आणि नव्या घराचे डिपॉझिट त्यातूनच भरायचे होते. ज्याचा संसार टेम्पोत चढलेला आहे, त्याच्याकडून मालकासमोर धैर्याची अपेक्षा करणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. म्हणून एवढेच म्हणते की मालकासमोर जमत नसेल तर जिन्यात सांगावे, तेही जमत नसेल तर येणाऱ्याचा फोन नंबर घ्यावा आणि करारावर सही होण्याआधी त्याला फोन करावा. पैसे हातात पडेपर्यंत थांबावे लागले आणि तोवर सही होऊन गेली, तरीही फोन करावा. निदान पलंग कोणत्या भिंतीला लावू नये, एवढे तरी कळेल. आमच्या सोसायटीतल्या त्या बाईंचे डिपॉझिट अजून पूर्ण परत आलेले नाही. भिंतीला खिळे ठोकले म्हणून कापले, असे कारण त्यांना सांगण्यात आले आहे. ज्यांनी त्यांना चहाडखोर म्हटले, त्यांनी ही किंमतही मोजून पाहावी. चहाडीसाठी कोणी पदरचे पैसे घालत नाही.

तरीही त्या बाईंशी माझा एका बाबतीत मतभेद आहे, आणि तो मी त्यांना सांगितलाही आहे. वरच्या घरी जाऊन ‘तुमच्या मुलाच्या सरावाचा आम्हाला त्रास होतो’ असे त्या तीन वर्षांत कधीच म्हणाल्या नव्हत्या. जे तोंडावर सांगितले नाही ते पाठीमागे सांगू नये, ही अट मी या सगळ्या भूमिकेला जोडते. तोंडावर सांगितलेले असले की पाठीमागे सांगण्यातली लबाडी नाहीशी होते. शेजाऱ्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळालेली असते, आणि नव्या माणसाला ‘आम्ही बोललो होतो, त्यांनी वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली’ असे पुढचे वाक्यही सांगता येते. ही अट मीही पाळलेली नव्हती. त्या परिचारिकेची भेट झाल्यानंतरच्या आठवड्यात मी जुन्या घराखालच्या बेनकडे गेले. त्यांनी मला आत बोलावले, चहा टाकला. घरघंटी जागच्या जागीच होती, पण तिच्याखाली जाड काळ्या रबराचा तुकडा होता आणि ती भिंतीपासून हातभर पुढे ओढलेली होती. ती मुलगी घर सोडताना किल्ली द्यायला आली तेव्हा तिने सांगितले होते, आणि बेननी दुसऱ्याच दिवशी तो तुकडा आणवला होता. नऊ वर्षांत वरच्या घरात पाच बिऱ्हाडे येऊन गेली होती. त्यांतले एक आमचे होते आणि साडेतीन वर्षे टिकले होते. “तमे कह्युं होत तो त्यारे ज मूकी देत ने,” म्हणजे तुम्ही सांगितले असते तर तेव्हाच ठेवला असता ना, असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला.